एक वर्षाचं ‘नर्सिंग’ की दोन वर्षांचं एएनएम? पेठच्या एका मुलीच्या प्रवेशाचं प्रकरण

पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरची मुलगी. समाज कोकणा, बारावी कला शाखेतून चोपन्न टक्के. आई आशा स्वयंसेविका. वडील पावसाळ्यात घरच्या भात-नागलीत आणि दिवाळीनंतर दिंडोरीकडे द्राक्षबागांच्या कामाला. थोरली बहीण लग्न होऊन गेलेली, धाकटा भाऊ दहावीत. मुलीला ‘नर्सिंग’ करायचं होतं, म्हणजे नेमकं काय ते घरात कोणालाच सांगता येत नव्हतं. ही मंडळी माझ्याकडे आली तेव्हा नाशिकमधल्या एका खाजगी संस्थेत एक वर्षाच्या ‘नर्सिंग’ कोर्ससाठी पाच हजार रुपये भरून, बारावीची मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला तिथेच ठेवून आली होती. उरलेले साठ हजार ‘दोन हप्त्यांत’ द्यायचे होते.

मी परिचर्या (नर्सिंग) प्रशिक्षणात पाठ्यनिर्देशिका, म्हणजे शिक्षिका होते, आता निवृत्त आहे. बारावीचा निकाल लागला की ओळखीपाळखीतून दोन-चार घरं विचारायला येतातच. हेच प्रकरण लिहायला घेतलं, कारण बोगस अभ्यासक्रम ओळखणं हा यातला सोपा भाग निघाला. खरा पेच त्यानंतर आला. दोन अभ्यासक्रम, दोन्ही अस्सल मान्यतेचे, आणि त्यांतून एक निवडायचा: सर्वसाधारण परिचर्येचं तीन वर्षांचं जीएनएम, की साहाय्यकारी परिचारिका-प्रसाविकेचं दोन वर्षांचं एएनएम. तिथे माझं मत एक होतं आणि मुलीच्या आईचं, म्हणजे आशाताईंचं, दुसरं. मुलीचं आणि संस्थांचं नाव देत नाही.

भिंतीवरच्या चौकटी

संस्था दुकानांच्या वरच्या मजल्यावर होती. मी मुलीला आणि आईला घेऊन गेले. स्वागतकक्षात काचेच्या चौकटीत पाच प्रमाणपत्रं टांगलेली. पालक बसतात ती खुर्ची बरोबर त्यांच्या समोर. मी चष्मा लावून एकेक वाचलं. पहिलं, संस्था नोंदणी अधिनियम १८६० खालचं नोंदणीपत्र. दुसरं, उद्यम नोंदणी. तिसरं आयएसओ ९००१. चौथं, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर संस्थेची नोंद झाल्याची छापील प्रत, तिच्यावर अशोकस्तंभ ठळक. पाचवं एका ‘अखिल भारतीय’ नावाच्या परिषदेशी संलग्नतेचं, सोनेरी शिक्क्यासकट.

पहिली चारही खरी असावीत. शंका घ्यायचं कारण नव्हतं, आणि अडचणही तीच आहे. संस्था नोंदलेली आहे, एवढंच पहिलं सांगतं. भजनी मंडळही याच कायद्याखाली नोंदतात. उद्यम ही लघुउद्योगाची नोंद, ती पिठाच्या गिरणीलाही मिळते. आयएसओ ९००१ कामकाजाच्या पद्धतीबद्दल असतं, त्यात रुग्णाला इंजेक्शन देण्याचा अधिकार कोणाला हा विषयच नसतो. दर्पणवर कोणतीही स्वयंसेवी संस्था नाव नोंदवू शकते. या चारांपैकी एकाचाही अभ्यासक्रमाच्या मान्यतेशी संबंध नाही. पण चारही सरकारी दिसतात, आणि पेठहून सावळघाट ओलांडून एसटीने आलेल्या बाईला अशोकस्तंभ दिसला की पुढचा प्रश्न सुचत नाही. तो सुचू नये म्हणूनच चौकट खुर्चीसमोर लावलेली असते, असं माझं स्पष्ट मत आहे.

पाचवी चौकट मात्र वेगळ्या जातीची. महाराष्ट्रात परिचारिकांची नोंदणी १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमाखाली महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल करतं. देशपातळीवर १९४७ च्या कायद्याने स्थापन झालेली इंडियन नर्सिंग कौन्सिल अभ्यासक्रम आणि किमान निकष ठरवते. ‘अखिल भारतीय’ अमुक परिषद ही या दोन्हींपैकी नव्हे. ती स्वतःच कुठली तरी नोंदणीकृत सोसायटी.

समुपदेशक म्हणून बसलेल्या तरुणाला मी विचारलं, “कोर्स झाल्यावर मुलीचं रजिस्ट्रेशन कुठे होणार?”

“होतं ना मॅडम, कोर्स संपला की लगेच.”

“कोणत्या कौन्सिलकडे?”

“आमच्याच कौन्सिलकडे.”

माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानावर, पत्त्याच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरात एक ओळ होती: हा अभ्यासक्रम कौशल्यवृद्धीसाठी असून कोणत्याही वैधानिक परिषदेच्या नोंदणीसाठी नाही. ती मी आशाताईंना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, “मग आमाला नर्स व्हशील म्हून कशाला सांगितलं?” तरुणाने पुस्तिका परत मागितली. मी ती पर्समध्ये टाकली.

एक बाजू इथे सांगायला हवी, नाहीतर अन्याय होईल. सहा महिने ते वर्षभराचे सगळेच अभ्यासक्रम फसवे नसतात. जनरल ड्यूटी असिस्टंट, ज्याला सगळे जीडीए म्हणतात, हा राष्ट्रीय कौशल्य चौकटीत बसणारा खरा अभ्यासक्रम आहे. रुग्णाला अंघोळ घालणं, कूस बदलणं, बेडपॅन, व्हीलचेअर, खाणंपिणं हे काम त्यात शिकवतात आणि या कामाला मागणीही आहे. महाराष्ट्र राज्य कौशल्य, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण मंडळाचे अल्पमुदतीचे अभ्यासक्रमही आहेत. घरची निकड असेल, मुलीला लगेच चार पैसे आणायचे असतील, तर मी स्वतः जीडीए सुचवते. मात्र त्यातून सहाय्यक तयार होते, परिचारिका नाही, आणि हे प्रवेशाच्या दिवशी सांगितलं पाहिजे. या संस्थेने तेवढंच लपवलं होतं.

मोठ्या खाजगी रुग्णालयांत पुढे काय होतं तेही ऐकून ठेवा. एनएबीएच हे रुग्णालयांच्या दर्जाचं मानांकन असलेल्या रुग्णालयाला प्रत्येक परिचारिकेची पात्रता आणि कौन्सिलची नोंदणी तपासून फाइलमध्ये ठेवावी लागते. माझी एक जुनी विद्यार्थिनी अशा रुग्णालयात इनचार्ज सिस्टर आहे. ती म्हणाली, “मॅडम, एक वर्षाच्या मुली येतात, हुशारही असतात. पण एचआर त्यांना अटेंडंटच्या यादीत घालतो. तीन वर्षं झाली तरी त्या तिथेच. ड्रेस वेगळा, पगार वेगळा, आणि औषधाच्या ट्रॉलीला हात लावायचा नाही.”

मूळ कागद

पाच हजार गेले तरी चालतील, आधी मूळ कागद हातात घ्या, असं मी सांगितलं होतं. संस्थेचं म्हणणं, फी पूर्ण झाल्याशिवाय कागद मिळणार नाहीत. वडिलांनी बागेच्या मुकादमाकरवी फोन करवला, उपयोग झाला नाही. शेवटी मी साध्या कागदावर मराठीत अर्ज लिहून दिला: अमुक तारखेला अमुक दोन मूळ कागदपत्रं आपल्याकडे जमा केली, प्रवेश घ्यायचा नसल्यामुळे ती परत मिळावीत, न मिळाल्यास पोलिस ठाण्यात आणि जिल्हाधिकारी कार्यालयात तक्रार करू. दोन प्रती, एकीवर पोच. पोच देण्याऐवजी त्यांनी कागदच देऊन टाकले.

जाहिरातीपासून मागे

आता निवड. मी पालकांना एक उलटी पद्धत शिकवते. कॉलेजच्या पत्रकापासून सुरुवात करायचीच नाही. आधी हवी असलेल्या नोकरीची जाहिरात घ्यायची. जिल्हा परिषदेची, आरोग्य विभागाची किंवा रुग्णालयाची, पण खरी. तिच्यातला शैक्षणिक अर्हतेचा रकाना वाचायचा. त्यात कोणत्या परिषदेची नोंदणी मागितली आहे ते पाहायचं. मग त्या परिषदेकडे नोंदणी व्हायला कोणत्या मंडळाची किंवा विद्यापीठाची परीक्षा पास व्हावी लागते ते शोधायचं. आणि सगळ्यात शेवटी, त्या परीक्षेला कोणत्या संस्थेतून, यंदाच्या वर्षी, किती विद्यार्थी बसू शकतात हे बघायचं. संस्था या साखळीची शेवटची कडी. आपण नेमकी तिथूनच सुरुवात करतो.

नाशिकात एक खास गैरसमज भेटतो. म्हसरूळला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, १९९८ पासून. त्यामुळे ‘नाशिकचं कॉलेज म्हणजे आरोग्य विद्यापीठाचंच’ असं गृहीत धरलं जातं आणि एजंट ते खोडत नाहीत. चार वर्षांचं बी.एस्सी. नर्सिंग या विद्यापीठाकडे येतं. एएनएम आणि जीएनएम हे विद्यापीठाचे अभ्यासक्रमच नाहीत. त्यांच्या परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं, २०१३ च्या कायद्याने आलेलं आणि मुंबईला कार्यालय असलेलं. म्हणजे जीएनएमची जागा विकणारा कोणी ‘आम्ही आरोग्य विद्यापीठाशी संलग्न’ म्हणाला, तर एकतर त्या संस्थेचं बी.एस्सी.चं कॉलेज वेगळं आहे आणि तो त्याची मान्यता जीएनएमला चिकटवतोय, किंवा त्याला स्वतःलाच माहीत नाही. दोन्ही वेळा कागद मागायचा.

कागद कोणता? शासनाच्या वैद्यकीय शिक्षण विभागाची परवानगी, इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या यादीत नाव, राज्य कौन्सिलची मान्यता, आणि परीक्षा घेणाऱ्या मंडळाची किंवा विद्यापीठाची संलग्नता. प्रत्येक ठिकाणी संस्थेच्या नावापुढे अभ्यासक्रम, वर्ष आणि प्रवेशक्षमता हवी. मान्यता सबंध संस्थेला सरसकट मिळत नसते. एकाच इमारतीत जीएनएमच्या चाळीस जागांना मान्यता आणि शेजारच्या वर्गातल्या ‘डिप्लोमा’ला काहीच नाही, असं असू शकतं. चाळीस जागा मंजूर असताना पन्नास मुली बसवलेल्या असल्या, तर वरच्या दहाजणींचं नाव परीक्षेच्या यादीत येतं का, हे आधी विचारायचं.

मुलीच्या वाटेत बी.एस्सी. नव्हतंच. त्याला भौतिक, रसायन, जीवशास्त्र लागतं, शिवाय सीईटी. हिची कला शाखा. जीएनएम कला शाखेवर चालतं, बारावीला चाळीस टक्के आणि इंग्रजी हवं, ते होतं. एएनएमही चालतं, आणि ते फक्त मुलींसाठीच असतं.

मधेच वडिलांनी एक तिसरी वाट आणली. बागेत ओळख झालेल्या कोणीतरी सांगितलं की परराज्यात जीएनएम होतं, वर्ग करायचे नाहीत, परीक्षेपुरतं जायचं. मी यावर फार वेळ घालवला नाही. नर्सिंगमध्ये वॉर्डातले तास हाच अभ्यासक्रम असतो. तिथल्या राज्याच्या कौन्सिलची नोंदणी इथे आणताना पडताळणी होते. आणि कागद सगळे पार पडले तरी सलाइन लावता न येणारी मुलगी पहिल्याच नाइट ड्यूटीला उघडी पडते. रुग्णाचं काय होईल ते वेगळंच.

मुलीच्या मावसभावाचा प्रश्नही त्याच बैठकीत निघाला, तो चहा पिता पिता सोडवला. त्याला कोणीतरी ‘एक वर्षाचं डीएमएलटी करा, स्वतःची लॅब टाका’ असं सांगितलेलं. डीएमएलटी म्हणजे लॅब तंत्रज्ञाचा डिप्लोमा. परावैद्यक क्षेत्रासाठी २०२१ साली संसदेने राष्ट्रीय संबद्ध व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा कायदा केला. त्यात संबद्ध आरोग्य व्यावसायिकासाठी किमान २,००० तास आणि दोन ते चार वर्षांचा अभ्यासक्रम अशी व्याख्याच घालून दिली आहे. आरोग्यसेवा व्यावसायिकाला किमान ३,६०० तास आणि तीन ते सहा वर्षं. एक वर्षाचा कोर्स त्यात कुठेच बसत नाही. दुसरं, २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की पॅथॉलॉजीच्या अहवालावर सही पॅथॉलॉजीत पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच हवी. तंत्रज्ञ नमुना तपासेल, पण अहवालाखाली त्याची सही चालणार नाही. ‘स्वतःची लॅब’ हे गाजर इथेच संपतं. या क्षेत्राचे ऑनलाइन कोर्सही त्याने मोबाइलवर दाखवले. आयोगाच्या कायद्याखाली येणारे अभ्यासक्रम दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन चालवायला विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये मनाई केली आहे. तो जरा हिरमुसला.

जीएनएम की एएनएम

माझं मत जीएनएमच्या बाजूने होतं आणि मी ते ठासून मांडलं. तीन वर्षं, पण नंतर अधिपरिचारिकेच्या जागांना पात्र. मोठ्या रुग्णालयात स्टाफ नर्स, पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येतं, आणि तिथून पुढची दारं उघडतात. एएनएमची पगाराची पातळी खालची आणि खाजगी रुग्णालयात तिला दुय्यम वागवलं जातं. हे चांगलं नाही, पण आहे तसं सांगितलं.

आशाताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मॅडम, आमच्या उपकेंद्रातल्या सिस्टरची जागा कशाने भरतात?”

त्यांना उत्तर माहीत होतं. आशा म्हणून त्या रोज त्याच सिस्टरबरोबर फिरतात. गरोदर बायांची नोंद, लसीकरणाचा दिवस, बाळाचं वजन, अवघडलेली बाई रात्री ग्रामीण रुग्णालयात पोचवणं. मोबदला मात्र कामागणिक मिळतो आणि कधी वेळेवर येत नाही. सिस्टरला पगार, रजा, निवृत्तीपर्यंतची हमी. एकाच वहीत दोघींच्या सह्या आणि दोघींमधलं अंतर त्यांनी इतकी वर्षं जवळून पाहिलेलं. त्यांच्या डोक्यात मुलीची नोकरी पक्की ठरलेली होती, फक्त ती जागा कोणत्या कोर्सने मिळते एवढंच त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

मग माझीच पद्धत माझ्यावर उलटली. आम्ही जिल्हा परिषदेच्या आरोग्य सेविका पदाची जुनी जाहिरात काढली. अर्हतेच्या रकान्यात ‘साहाय्यकारी प्रसाविका’ आणि परिचर्या परिषदेची नोंदणी, असं लिहिलेलं. साहाय्यकारी प्रसाविका म्हणजे एएनएम. जीएनएम शिक्षणाने वरचं खरं, पण म्हणून ते खालच्या पदाला आपोआप चालतं असं जाहिरातीत कुठेही नव्हतं. तीन वर्षं आणि जास्त पैसे घालून मुलगी नेमकी त्याच पदासाठी अपात्र ठरण्याची शक्यता होती, ज्यासाठी आईने हा सगळा घाट घातला होता.

शिवाय पेठ अनुसूचित क्षेत्रात येतं. २०१४ च्या राज्यपालांच्या अधिसूचनेने अशा क्षेत्रातल्या काही पदांवर स्थानिक अनुसूचित जमातीच्या उमेदवारांना घ्यायचं ठरलं आहे, तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक यांच्याबरोबर एएनएमही त्यात आहे. गावात सगळे ‘पेसा भरती’ म्हणतात ती हीच. नाशिक शहरातल्या मुलीला जे दार नाही, ते हिला आहे. पण दार आहे म्हणजे उघडं आहे असं नव्हे. ही भरती न्यायालयीन वादात अडकलेली होती आणि २०२४ साली नाशिकच्या आदिवासी विकास भवनासमोर त्यासाठी मोठं आंदोलन झालं, हे आशाताईंना माझ्याहून जास्त ठाऊक होतं. त्यांच्या गावातली मुलं तिथे बसून आली होती.

मी म्हटलं, भरती रखडली तर? त्या म्हणाल्या, तोवर राष्ट्रीय आरोग्य अभियानात कंत्राटी जागा निघतात, त्यालाही एएनएमच लागते. आणि मुलगी, जी आतापर्यंत गप्प होती, ती म्हणाली, “एएनएम झाल्यावर जीएनएम करता येतंय का?” येतं. नोंदणीकृत एएनएमला जीएनएमला प्रवेश मिळू शकतो, कौन्सिलच्या निकषांत तशी तरतूद आहे. वेळ जास्त जाईल, पण दोन वर्षांनी हातात एक नोंदणी असेल, कमाई सुरू असेल आणि पुढचा रस्ताही खुला राहील. तीन वर्षांच्या कोर्सात दुसऱ्या वर्षी पैसे संपले तर हातात काहीच राहत नाही. हा हिशेब आशाताईंनी बोटांवर मांडून दाखवला.

माझं मत पूर्ण बदललं असं नाही. शहरात राहणाऱ्या, सरकारी भरतीची वाट पाहायची नसलेल्या मुलीला आजही मी जीएनएमच सांगेन. पण या घरासाठी एएनएम योग्य होतं. आणि ते ठरवताना माझ्या पंचवीस-तीस वर्षांच्या नोकरीपेक्षा आशाताईंची वही जास्त उपयोगी पडली.

शाळा बघणं

शासकीय प्रशिक्षण केंद्राच्या यादीत नाव लागलं नाही. जिल्ह्यातल्या दोन खाजगी, मान्यताप्राप्त शाळा उरल्या. दोघींचे कागद बरोबर होते. मंडळाच्या यादीत नाव, मंजूर जागा, चालू वर्ष. यापुढे कागद काही सांगत नाहीत, तिथे जाऊनच बघावं लागतं.

एएनएमच्या अभ्यासक्रमात सहा महिन्यांच्या इंटर्नशिपसकट दोन वर्षं असतात, आणि त्याचा गाभा प्रसूती, बाळ आणि गावपातळीवरचं काम. म्हणून मी एकच प्रश्न घेऊन गेले: तुमच्या मुली प्रसूती कुठे बघतात आणि महिन्याला किती होतात? पहिल्या शाळेचं स्वतःचं रुग्णालय होतं, चकचकीत. लेबर रूममध्ये गेलो तर टेबलावर नवं कोरं रबरशीट, घडीसुद्धा न मोडलेली. रजिस्टर मागितलं, तर ‘मॅडम सुट्टीवर आहेत’. प्रात्यक्षिक खोलीतला बाळंतपणाचा पुतळा प्लास्टिकच्या पिशवीतच होता, पिशवीवर धूळ.

दुसऱ्या शाळेची इमारत जुनी, जिना अरुंद. पण तिथल्या मुली ग्रामीण रुग्णालयात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात पोस्टिंगला जात होत्या. मी प्राचार्यांना सोडून बाहेर चहाच्या टपरीवर उभ्या असलेल्या दुसऱ्या वर्षाच्या दोन मुलींशी बोलले. त्यांच्या पिशवीतून केस बुक काढायला लावलं. पानं मळकी, एका पानावर आयोडिनचा पिवळा डाग. प्रत्येक प्रसूतीपुढे तारीख, आईचं वय, बाळाचं वजन, टाके घातले की नाही, आणि खाली शिकवणाऱ्या सिस्टरची वेगवेगळ्या पेनाने केलेली सही. सगळ्या सह्या एकाच शाईत, एकाच बैठकीतल्या असल्या की मी समजून जाते. इथे तसं नव्हतं. एका नोंदीत वजन खोडून पुन्हा लिहिलं होतं आणि शेजारी सिस्टरने लाल शाईत ‘पुन्हा मोज’ लिहिलेलं. मला एवढं पुरे झालं. मुलींनी तक्रारीही केल्या: जेवण बरं नाही, बसची सोय नाही, रात्रीच्या ड्यूटीनंतर सकाळी लेक्चरला बसवतात. नाइट करून लेक्चरला बसवणं चूक आहे, ते मी प्राचार्यांना बोलून आले. पण रात्रपाळी खरोखर होते, हे त्या तक्रारीवरूनच कळलं.

आणखी एक बारीक तपासणी. मागच्या दोन तुकड्यांतल्या मुलींचे नोंदणी क्रमांक दाखवा, असं मी म्हटलं. शाळेने चार जणींच्या कौन्सिल नोंदणीच्या प्रती दाखवल्या. पहिल्या शाळेने ‘डेटा कॉन्फिडेन्शियल आहे’ असं सांगितलं होतं.

पैसे आणि दाखले

इथे घोळ होता होता राहिला. महाडीबीटी पोर्टलवर अनुसूचित जमातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत लागतं, ते होतं. पण जात वैधता प्रमाणपत्र नव्हतं. जातीचा दाखला असला की पुरे, असा घरचा समज. तपासणी समितीचं कार्यालय नाशिकातच असल्याने फेऱ्या तरी वाचल्या. आजोबांच्या शाळेच्या नोंदीत जातीपुढे एक अक्षर वेगळं पडलं होतं, त्यासाठी जुन्या मुख्याध्यापकांना गाठावं लागलं. ज्यांच्या घरी मुलगी अकरावीत आहे त्यांनी हा अर्ज आत्ताच टाकावा, बारावीच्या निकालाची वाट पाहू नये.

पोर्टलचा एक आडवा उपयोगही होतो. शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना संस्थेचं आणि अभ्यासक्रमाचं नाव यादीतून निवडायचं असतं. त्या पहिल्या एक वर्षवाल्या संस्थेचं नाव त्या यादीत शोधून पाहिलं, सापडलं नाही. फी देण्याआधी हे कोणीही मोबाइलवर पाच मिनिटांत करू शकतं. यादीत नाव असणं म्हणजे शाळा चांगली असं नव्हे, पण नसेल तर पाकीट उघडू नये. राहण्यासाठी आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहात अर्ज केला. जागा मिळेपर्यंत ती पंचवटीत पेठ नाक्याजवळ आत्याकडे राहिली.

सध्याची स्थिती

मुलगी दुसऱ्या वर्षाला आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातलं पोस्टिंग झालं, आता प्रसूती विभागात आहे. शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता उशिरा आला, तोवरची फी वडिलांनी मुकादमाकडून उचल घेऊन भरली, त्यामुळे यंदा बागेचं काम त्यांना महिनाभर जास्त करावं लागेल. वसतिगृहात जागा मिळाली. इंग्रजीतून औषधांची नावं लिहिताना ती अजून अडते. त्यासाठी रविवारी माझ्याकडे येते. परीक्षा पास झाली की राज्य कौन्सिलची नोंदणी आणि राष्ट्रीय नोंदवहीतला क्रमांक, ही दोन कामं आहेत, त्यांचे अर्ज कसे भरायचे ते तिने आत्ताच विचारून ठेवलं आहे.

मावसभाऊ पुढच्या वर्षी परावैद्यक शाखेत बघू म्हणतो, सध्या एका औषधांच्या दुकानात बसतो.

त्या पाच हजारांपैकी काही परत मिळालेलं नाही. आशाताईंच्या तालुका बैठकीत मात्र त्यांनी ती माहितीपुस्तिका, शेवटच्या पानावरच्या बारीक ओळीखाली लाल रेघ मारून, सगळ्या आशांना दाखवली. त्यातल्या तिघींच्या मुली यंदा बारावीला आहेत, आणि दोघींनी मला आधीच फोन केला आहे.